इंडियाला गेलो की दाखवू

आली मेली ह्युमिडिटी. आज सकाळी शाळेत शिकवायला जायला खाली उतरले, बिल्डिंगचं दार ढकलून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा पांढराफटक. समोरचं काही दिसेना. दोहात हा ऋतू आलेला कळायला कॅलेंडर लागत नाही. एसीतून बाहेर आलं की काचांवर वाफ धरते आणि चष्मेवाला माणूस असेल तिथे खांबासारखा उभा राहतो. अल हिलालच्या आमच्या गल्लीत त्या वेळी निम्मी माणसं अशीच दारादारात उभी असतात, कुणी टायने काचा पुसतंय, कुणी ओढणीने. समोरच्या बिल्डिंगमधले इजिप्शियन मास्तर माझ्या दिशेने बघून "सबाह अल खैर" म्हणाले. कुणाला म्हणतोय ते त्यांनाही दिसत नव्हतं, मीही ओळख दाखवून टाकली.

मग काचा पुसल्या आणि दिसायला लागलं. कचऱ्याचा डबा, त्याच्या झाकणावर बसलेलं मांजर, रस्त्याकडेच्या खजुरांना घोसांभोवती बांधलेल्या जाळ्या, सगळं जिथल्या तिथे. दर वर्षी नेमका या क्षणी मला संताप येतो. पुसलं की दिसतं, याचाच संताप. लोकांना वाटतं उकाड्याने बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे.

वर आमच्या फ्लॅटमध्ये सुधीर, माझा नवरा, चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. निघताना त्याने विचारलं होतं, "आज धरेल ना गं वाफ?" त्याला घरात बसून हवेतला बदल कळतो. खिडकीच्या काचेला बाहेरून घाम सुटतो, तिला तो आतून बोट लावून बघतो.

वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा असाच होता. म्हणजे उन्हाळा नेहमीचाच, गाव मात्र वेडं झालं होतं. जिकडेतिकडे क्रेन, रस्ता काल होता तिथे आज नाही, आणि जो तो घाईत. सुधीर एसीवाला इंजिनियर. एका स्टेडियमच्या थंडाव्याचं काम त्याच्याकडे होतं. वर छप्पर उघडं, आणि खाली खुर्च्यांच्या पायथ्यातल्या जाळ्यांमधून गार हवा सोडायची. मी त्याला म्हणायची, "आभाळाला एसी लावणारे तुम्हीच रे बाबा." तो म्हणायचा, "गार हवा जड असते माधवी, ती खालीच बसते. आभाळाचं आभाळ बघून घेईल." असं काही समजावून सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. नाशिकच्या माणसाला द्राक्षांविषयी विचारावं, तसा.

पण त्याचं खरं वेड वेगळंच होतं. अमेरिकेतली नॅशनल पार्क. एक-दोन नाही, सगळी. साठाच्या वर आहेत म्हणे. लग्नानंतर काही वर्षांनी त्याच्या मावसभावाकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो, तेव्हा भाऊ आम्हाला योसेमिटीला घेऊन गेला. बोगदा संपला आणि समोर ते कडे उभे राहिले. सुधीर गाडीतून उतरला आणि बोलायचाच थांबला. देवळात गेला तरी मोबाईल बघणारा हा माणूस, तिथे हात बांधून उभा राहिला. परतीच्या विमानात म्हणाला, "सगळी बघायची." मला वाटलं, विमानातली बडबड आहे, दोहात उतरलो की उतरेल. कसली उतरते! त्यानंतर दर सुट्टीला आमचं एकच. यलोस्टोन, झायॉन, ब्राइस, एव्हरग्लेड्स. लोक नवसाला एवढी चिकाटी दाखवत नाहीत.

मी कुरकुरायचे, आणि का कुरकुरू नये? गल्फमधली आपली माणसं वर्षाची सुट्टी मिळाली की बॅगा भरभरून इंडियाला जातात. पिस्ते, बदाम, दुधाच्या पावडरीचे डबे, कुणाच्या गुडघ्याला लावायचा बाम. आम्ही त्याच बॅगांतून जाड बूट आणि रेनकोट न्यायचो, दगड बघायला. एका जुलैत तर याने डेथ व्हॅली काढली. दोहाचा जुलै सोडून माणूस कुठे जातो, तर डेथ व्हॅलीत! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तिथे गाडीचं दार उघडलं आणि मला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरल्यासारखं वाटलं. आमचा ईशान तेव्हा लहान होता. तो म्हणाला, "आई, वी केम बॅक होम?" सुधीर मात्र त्या मिठाच्या पांढऱ्या जमिनीवर पोरासारखा चालत सुटला होता.

नाशिकहून सासूबाईंचा फोन यायचा, "या वर्षी तरी येणार का रे?" सुधीर म्हणायचा, "दिवाळीत येतो आई." दिवाळीत धावत-पळत चार दिवस जायचो. त्यात दोन दिवस पाहुण्यांचे.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इथे आखातात दवाखाने चकचकीत आहेत, पण आमचा कुणी सहसा तिथे जात नाही. ताप-खोकल्याला जाईल. बाकी दात, डोळे, कंबर, पाळीचा त्रास, सगळं साठवून ठेवायचं सुट्टीसाठी. इंडियाला गेलो की दाखवू. आपला डॉक्टर असतो, आपल्या भाषेत बोलतो, "काय म्हणतेस, बरी आहेस ना?" असं विचारतो. इथे विम्याची मंजुरी आणा, अपॉइंटमेंट घ्या, आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत बोलणार. त्यामुळे आमच्यात सुट्टी म्हणजे निम्मी हवापालट आणि निम्मी दुरुस्ती. माझ्या मैत्रिणी दाढ ठणकत असताना लवंग धरून चार-चार महिने काढतात. मीही काढलेत. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आमची सुट्टी मात्र इंडियात जात नव्हती. सुधीरचा चष्मा कितीतरी वर्षांपूर्वी नाशिकला, सासऱ्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे केलेला. पुढची तपासणी पुढच्या सुट्टीला, ती सुट्टी यलोस्टोनला, मग पुढच्या, ती आणखी कुठे. मध्ये कोविड आला आणि विमानंच बंद झाली. आता गेलो की पहिले डोळे, असं तो म्हणत राहिला आणि मीही मान डोलावत राहिले. आमच्यात सगळेच डोलावतात.

त्या ऑगस्टमध्ये तो धडकायला लागला. आधी फ्रिजच्या उघड्या दाराला, मग पॅसेजमध्ये ठेवलेल्या ईशानच्या सायकलला. डाव्या हाताशी चहा ठेवला तर तो उजवीकडे चाचपायचा आणि विचारायचा, "चहा झाला नाही का अजून?" जिन्याची शेवटची पायरी त्याला सापडायची नाही. मी विचारलं की एकच उत्तर, "वाफ गं, वाफ. काच पुसायची राहिली." सगळ्या गावाच्या काचांवर वाफ होती, त्यामुळे मलाही ते पटायचं. घरात, एसीच्या गारव्यात, कसली आलीये वाफ! पण हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. आपली माणसं रोज समोर असली की त्यांच्यात होणारा बदल नखाएवढा वाटतो.

एका शुक्रवारी अल नस्रला वाणसामान आणायला निघालो होतो. सुधीर गाडी चालवत होता. चौकात डावीकडून पांढरी लँडक्रूझर आली, सरळ, दिवसाढवळ्या, हत्तीएवढी. सुधीरने गाडी तिच्या अंगावर घातली. तिच्या ब्रेकचा आवाज आणि ईशानची किंकाळी मला आजही वेगवेगळी ऐकू येते. चार बोटं राहिली असतील. त्या गाडीवाल्याने काच खाली करून अरबीत यथेच्छ उद्धार केला. सुधीर स्टिअरिंगला धरून बसलेला. म्हणाला, "हा आला कुठून?"

"बाबा, ही वॉज राइट देअर!" ईशान रडत ओरडला.

आली होती जिथून सगळ्यांना दिसते तिथून. मी खाली उतरले, त्याला शेजारच्या सीटवर ढकललं आणि गाडी घरी आणली. वाणसामान राहिलं.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक यंत्र असतं. हनुवटी टेकवून पांढऱ्या वाडग्यात बघायचं. आत कुठेतरी बारीक ठिपका लुकलुकतो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे खुर्चीवर बसले होते. बटणाचा टिक असा आवाज यायचा. एक टिक, मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मग आणखी एक टिक. तिथल्या नर्सने दोनदा त्याला सांगितलं, "सर, प्लीज प्रेस व्हेन यू सी." तो म्हणाला, "येस, येस, आय अॅम वेटिंग." मला त्या खुर्चीवर बसवेना. उठून बाहेर गेले आणि पाणी पिऊन आले.

डॉक्टर हैदराबादच्या होत्या, हिंदीत बोलल्या. काला मोतिया. आपल्याकडे काचबिंदू. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू ना? अगं काढून टाकतात, माझाही काढला." त्यांना फरक समजावून सांगायची माझ्यात ताकद नव्हती. मोतीबिंदू काढता येतो. हा कडेकडेने खात येतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि खाल्लेलं परत देत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आख़री बार आँखें कब दिखाई थीं?" आम्ही दोघं मनात वर्षं मोजायला लागलो. शेवटी सुधीर म्हणाला, "इंडिया जाने वाले थे." त्यांना ते ऐकून नवल वाटलं नाही. म्हणाल्या, रोज एक तरी पेशंट हेच सांगतो. थेंब दिले. लवकर ऑपरेशन करा म्हणाल्या, आहे ते वाचवायला. आणि धुळीत जाऊ नका.

धुळीत जाऊ नका! दोहात, त्या वर्षी, स्टेडियमच्या साइटवरच्या माणसाला! मला हसू आलं, खरंच आलं.

घरी आल्यावर कळलं की आपल्या भाषेत डोळ्यांवाचून पान हलत नाही. ईशानला ओरडायला तोंड उघडलं, "डोळे फुटले का तुझे," आणि तोंड तसंच मिटलं. डोळ्यांत तेल घालून, डोळेझाक, डोळ्यांदेखत, काय म्हणायचं आणि काय गाळायचं? मी महिनाभर पोराशी जपून बोलत होते. सुधीरला ते लक्षात आलं. म्हणाला, "शिव्या दे गं त्याला मोकळेपणाने. घर फार शांत झालंय."

मग सुरू झालं सुट्टीचं. सुधीरला दोन गोष्टी हव्या होत्या. ऑपरेशन, आणि त्याआधी आठवडाभर अमेरिका. ऑरेगॉनमध्ये क्रेटर लेक म्हणून तळं आहे, फुटून खचलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं. तसला निळा रंग दुसरीकडे कुठे नाही, असं तो वर्षानुवर्षं सांगायचा आणि मुद्दाम मागे ठेवायचा, ताटातला गोड पदार्थ शेवटी खावा तसा. आता म्हणाला, "बाकीची राहिली तर राहू देत माधवी. एवढं एक मला दिसतंय तोवर बघायचंय." इतकी वर्षं सगळी सगळी म्हणणारा माणूस एकावर आला. मी तेव्हा पहिल्यांदा रडले, स्वयंपाकघरात, मिक्सर चालू करून.

मॅनेजर म्हणाला, हँडओव्हर होऊ दे, मग जा, इन्शाल्ला. सुधीरने त्याला डोळ्यांचं सांगितलंच नाही. सांगितलं तर साइटचा पास जातो, उंचावर चढू देत नाहीत, आणि पास गेला की त्या कामावरून नाव जातं. मी भडकले.

"राजीनामा दे. आत्ता दे."

"आणि ईशानची शाळा? घर?"

"माझी नोकरी आहे ना! खाऊ मीठ-भाकरी."

"वर्ल्ड कपची तारीख हलत नाही गं."

"आणि डोळ्यांची हलते?"

"दोन महिन्यांनी काय होतंय," तो म्हणाला. "थेंब घालतोय ना मी."

दोन महिन्यांचे चार झाले. या शहरात तेव्हा कुणालाच थांबता येत नव्हतं. संध्याकाळी त्याला आणायला मी साइटच्या गेटवर जायचे, तेव्हा मजुरांच्या बसेस बिरकत अल अवामेरच्या लेबर कॅम्पकडे निघालेल्या असायच्या. खिडक्यांच्या काचांना टेकलेली डोकी, भिजून अंगाला चिकटलेले निळे डगले, बहुतेक सगळे झोपलेले. त्यांच्या डोळ्यांना कुणी ते ठिपके दाखवले असतील का, असं माझ्या मनात यायचं. तेही म्हणत असतील, घरी गेलो की दाखवू. त्यांच्यातले काही पेटीतून घरी गेले. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी जेवताना बोलत नव्हतं. आम्हीही बोललो नाही. सुधीर गाडीत बसायचा, पट्टा चाचपायचा आणि म्हणायचा, "यल्ला, चल."

इथले जुने लोक म्हणतात, पहाटे सुहैल तारा दिसला की उकाडा मोडला. सुधीरला पूर्वी तो शोधायची हौस होती. त्या वर्षी त्याने गच्चीवर जायचं नाव काढलं नाही. मीही विचारलं नाही.

थंडीच्या तोंडाला त्याच्या स्टेडियममध्ये चाचणीचा सामना झाला. आम्हाला घरच्या माणसांचे पास होते. ईशान गालावर रंग लावून आला होता. दिवे लागले, हजारो माणसं, ढोल, झेंडे. आणि पायांशी खरंच गार हवा, मुळातच छान असलेल्या हवेत. सुधीर खेळ बघतच नव्हता. वाकून खुर्चीखालच्या जाळीवर हात धरायचा, मग दोन खुर्च्या सोडून पलीकडच्या जाळीवर. "बघ, सगळीकडे सारखी येतेय," असं सारखं सांगत होता. तेवढ्यात गोल झाला. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं, ईशान माझ्या गळ्यात पडला. सुधीरही उठला, टाळ्या वाजवायला लागला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "कुठल्या बाजूला झाला गं?"

मी हाताने दाखवलं. मग लक्षात आलं की हात त्याच्या कडेला आहे. त्याची हनुवटी धरून तोंड तिकडे वळवलं. मागच्या रांगेतल्या बायका हसल्या. त्यांना वाटलं, नवरा-बायकोचं काहीतरी गोडगोड चाललंय.

त्यानंतर ऑपरेशन झालं, त्याआधीची अमेरिका राहिलीच. डोळ्यांतलं प्रेशर उतरलं. डॉक्टर म्हणाल्या, दो महीने पहले आते तो. मी म्हटलं, पुढचं बोलू नका. बैल गेला आणि झोपा केला, हे मलाही कळत होतं. एका डोळ्यात उजेड-अंधार एवढंच उरलं, दुसऱ्यात मधोमध वाटीएवढं. साइटचा पास गेला तो गेलाच. ऑफिसात एका टेबलाशी बसवलं, मोठा स्क्रीन दिला. वर्ल्ड कप आला. गल्लीत देशोदेशीचे झेंडे, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडताहेत, जगाला दोहा किती सुंदर दिसलं म्हणून सांगू! आम्ही सामने घरी टीव्हीवर बघितले, सुधीर पडद्याला नाक लावून. कॅमेरा स्टेडियमवरून फिरला की तो विचारायचा, "आमचं का हे?" ईशान सांगायचा. खरंही सांगायचा आणि कधी कधी उगाचही हो म्हणायचा.

कप संपला आणि सुधीरचं कॉन्ट्रॅक्टही संपलं. खलास. आता सुट्टीच सुट्टी होती.

पुढच्या जुलैत तिकिटं मी काढली. तो म्हणाला, "नको गं, नाशिकला जाऊ. आई वाट बघतेय." मी म्हटलं, "नाशिकला नंतर जाऊ. गप्प बस." अमेरिकेत भाड्याची गाडी मीच चालवली, उजव्या बाजूने, दोहासारखीच. सुधीर शेजारी बसून विचारत राहिला, झाडं कुठली आहेत, चढ लागला का, बर्फ दिसतो का. चढ लागला. जुलै असून कडेला मळका बर्फ होता. कान बंद झाले आणि मग मोकळे झाले. गाडी लावली तिथून तळ्याचा काठ हाकेच्या अंतरावर होता. आम्ही दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून एका सपाट दगडापर्यंत आणलं. पुढे बर्फावरून निसरडी वाट होती आणि त्यापलीकडे सरळ कडा.

ऊन असं लखलखीत होतं की माझेच डोळे मिटत होते. सुधीरने मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवली, मग उजवीकडून डावीकडे, आपल्या उरलेल्या वाटीत तळं धरायला. काळा चष्मा काढला. पुन्हा घातला. पुन्हा काढला. ईशान त्याच्या पाठीशी उभा राहून म्हणत होता, "लिटल लोअर, बाबा. नाऊ लेफ्ट. देअर, देअर!" बराच वेळ गेला.

"उजेड फार आहे रे," सुधीर म्हणाला. "सगळं पांढरंच येतंय."

मग तो दगडावर बसला आणि मला म्हणाला, "तू जा पुढे. बघून ये नीट. मी आहे इथे."

मला जायचं नव्हतं. पण तो ज्या आवाजात म्हणाला, त्यापुढे नाही म्हणता येईना. बर्फातून एकेक पाऊल रोवत मी काठाच्या बुटक्या कठड्याशी गेले आणि खाली बघितलं. कितीतरी खाली ते पाणी पसरलं होतं. त्याचा निळा मला सांगता येत नाही. शाईचा नाही, मोराचा नाही, कुठल्या साडीत मी तो बघितलेला नाही. वाऱ्याचा ओरखडा नव्हता. पलीकडचा सगळा डोंगर, त्यावरचा बर्फ आणि एक लहानसा ढग, सारं पाण्यात उलटं उतरून स्वस्थ होतं. इतकी वर्षं हा माणूस मला सुंदर म्हणजे काय ते सांगत होता आणि मी गाडीत बसून घड्याळ बघायचे. मला त्या तळ्याचा राग आला. इतकं चांगलं असायची त्याला काही गरज नव्हती. मला तिथेच मटकन बसून ओरडावंसं वाटलं, पण आजूबाजूला माणसं होती, फोटो काढत होती. मी तोंड पुसलं, श्वास नीट केला आणि परत आले.

सुधीरने पावलांच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "कसं आहे?"

"काही विशेष नाही," मी म्हटलं. "एक तळं आहे."

त्याने काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "मग रडतेस कशाला?"